तुरुंगातल्या बहाई माणसासाठी पत्र कसं लिहायचं

मी एकतीस वर्षं डाकखात्यात नोकरी केली. त्यातली चार पाचगणीच्या पोस्टात, १९८१ ते १९८५. खिडकीवर बसायचे, तिकिटं विकायचे, दुपारी टपालाची थैली फुटली की पत्रं लावायचे. पाचगणी शाळांचं गाव, मुलं देशोदेशीहून आलेली, त्यामुळे एवढ्याशा गावाच्या मानाने परदेशी पाकिटं भरपूर यायची. इराणचं पाकीट हातात घेताच कळायचं. पत्ता इंग्रजीत, पण मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव उजवीकडून डावीकडे लिहिलेलं, अक्षरांखाली-वर ठिपके पेरल्यासारखे. न्यू एरा ही तिथली शाळा बहाई धर्माच्या मंडळींनी १९४५ मध्ये सुरू केलेली. इराणची मुलं तिथं शिकायला असत.

त्यातली एक मुलगी, असेल चौदा-पंधरा वर्षांची, दर शनिवारी खिडकीशी यायची. "आंटी, इराणची डाक?" तिची पत्रं शिराझहून यायची. १९८३ च्या पावसाळ्यात ती ओली छत्री हातात धरून आठवडेच्या आठवडे येत राहिली आणि मी मान हलवत राहिले. इराणकडची डाक उशिरा येते, एवढंच मी तिला सांगू शकले. त्याच जूनच्या १८ तारखेला शिराझमध्ये दहा बहाई बायकांना फाशी दिलं होतं. दोन दिवस आधी सहा पुरुषांना. बायकांमधली सगळ्यात लहान मोना महमूदनिजाद, सतरा वर्षांची. ती लहान मुलांचे धर्मवर्ग घ्यायची. तिच्या वडिलांना मार्चमध्येच फाशी झालेली होती. हे सगळं मी वाचलं ते फार नंतर. तेव्हा मी फक्त थैली झटकून बघायचे, तळाशी एखादं पाकीट चिकटून राहिलंय का.

मी निवृत्त झाले २००८ मध्ये. त्याच वर्षी इराणात बहाई समाजाचं कामकाज पाहणाऱ्या सातजणांना पकडलं. मार्चमध्ये महवश साबेत, १४ मे रोजी बाकीचे सहा. तेव्हापासून वाईत माझ्या घरी आम्ही सहा-सातजण महिन्यातून एका रविवारी बसतो आणि पत्रं लिहितो. आमच्यातलं कोणीही बहाई नाही. दोन शिक्षिका, एक निवृत्त तलाठी, एक औषधाचं दुकान चालवणारा, बाकीच्या माझ्या भिशीतल्या मैत्रिणी. "आम्हालाही करायचंय, पण कसं?" असं बरेचजण विचारतात. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

आधी हे समजून घ्या

बहाई धर्म इराणातच जन्मला, एकोणिसाव्या शतकात. तरीही इराणच्या राज्यघटनेच्या तेराव्या कलमात अल्पसंख्य म्हणून मान्यता फक्त तिघांना आहे: झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती. बहाई त्यात नाहीत. कागदावर नसलेला माणूस तक्रार घेऊन जाणार कुठं, ही खरी गोम आहे. १९७९ च्या क्रांतीनंतर दोनशेहून जास्त बहाईंना ठार मारलं गेलं. १९९१ च्या फेब्रुवारीत एक गोपनीय टिपण तयार झालं, ते पुढे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीमार्फत उजेडात आलं. त्यात सरळ लिहिलं आहे की या लोकांची प्रगती आणि वाढ रोखली जावी. विद्यापीठात बहाई असल्याचं कळलं तर काढून टाका, नोकरी देऊ नका. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेली बाई. टिपणावर सही झाली की ते खालपर्यंत कसं झिरपतं, हे मला कोणी शिकवायला नको.

मुलांना कॉलेज बंद झालं तेव्हा त्या लोकांनी १९८७ मध्ये घराघरांतून विद्यापीठ सुरू केलं. कोणाच्या दिवाणखान्यात रसायनशास्त्र, कोणाच्या गच्चीतल्या खोलीत मानसशास्त्र. तिथं शिकवलं म्हणून माणसं तुरुंगात गेली. महवश साबेत मुळात शाळेच्या मुख्याध्यापिका. बहाई म्हणून नोकरी गेली, मग पंधरा वर्षं त्या या घरगुती विद्यापीठाचं काम पाहत होत्या.

आरोप मात्र सहसा सरळ "तू बहाई आहेस" असा लावत नाहीत. "राज्याविरुद्ध प्रचार", "राष्ट्रीय सुरक्षेला धोका" असं लिहितात. २०२१ मध्ये दंडसंहितेच्या पाचशेव्या कलमाला जोड देऊन "इस्लामच्या विरुद्ध भरकटलेला प्रचार किंवा शिकवण" हाही गुन्हा करून ठेवला. आणि जुना ठेवणीतला आरोप म्हणजे इस्रायलचे हेर. का, तर बहाईंचं जागतिक केंद्र इस्रायलमधल्या हैफाला आहे. पण बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांना तुर्की सुलतानाने कैदी म्हणून हैफाजवळच्या अक्का शहरात पाठवलं ते १८६८ मध्ये, इस्रायल देश जन्मायच्या ऐंशी वर्षं आधी. एका कैद्याला कुठल्या किल्ल्यात डांबायचं हे कैदी ठरवत नाही. ही तारीख डोक्यात ठेवा, चारचौघांत विचारलं तर सांगा. पत्रात मात्र लिहू नका. का, ते पुढे येईलच.

नाव कसं निवडायचं

एका वेळी एकच प्रकरण घ्या. "सगळ्या बहाईंना सोडा" असं पत्र कुठल्याच फायलीला लागत नाही. पोस्टात पत्ता नसलेली पत्रं एका कप्प्यात पडून राहायची, तसं ते पडून राहतं.

ज्याचं नाव कुटुंबाच्या आणि समाजाच्या संमतीने आधीच जाहीर झालं आहे, असंच नाव घ्या. बहाईंची संयुक्त राष्ट्रांमधली कचेरी म्हणजे बहाई इंटरनॅशनल कम्युनिटी, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल, ह्यूमन राइट्स वॉच यांच्या पत्रकांत अशी नावं येतात. कोणाच्या नात्यातल्या माणसाने फोनवर कुजबुजत सांगितलेलं नाव कितीही खरं असलं तरी घेऊ नका. कधी घरचे लोक जामिनासाठी गुपचूप खटपट करत असतात, कधी आईला वाटत असतं की गाजावाजा झाला तर मुलाला एकांतकोठडीत टाकतील. ते ओळखण्याची जागा वाई नव्हे. जाहीर नावांवर काम करायला एक जन्म पुरणार नाही.

निवडलं की मग खात्री करून घ्या: पूर्ण नाव, अटकेची तारीख, शिक्षा किती, कुठल्या तुरुंगात, आज माणूस आत आहे की रजेवर बाहेर. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिकडे आजारपणासाठी तात्पुरतं सोडतात आणि परत आत नेतात. एकदा आम्ही एका माणसाला दवाखान्यात न्यावं म्हणून पाच पत्रं लिहून पाकिटं चिकटवून ठेवली आणि सोमवारी टाकू म्हणून घरी गेलो. दरम्यान त्याला तात्पुरतं सोडल्याची बातमी आली. पाचही पाकिटं फोडून पुन्हा लिहिली. शिळं पत्र गेलं असतं तर वाचणारा म्हणाला असता, यांना काही माहीत नाही, उगाच लिहितात. तेव्हापासून आमचा नियम: माहिती पाहायची ती पाकीट चिकटवायच्या दिवशी सकाळी.

नाव कागदोपत्री जसं आहे तसंच लिहा. इराणात बाई लग्नानंतरही माहेरचं आडनाव लावते. जगाला माहीत असलेल्या महवश साबेत सरकारदरबारी महवश शहरियारी आहेत. आम्ही दोन्ही नावं लिहितो, आणि फारसी लिपीतही लिहितो, कारण रोमन अक्षरांत एकाच नावाची चार रूपं होतात. चुकीच्या नावाचं टपाल परत येतं, हे मी हजारदा पाहिलं आहे.

कोणाला लिहायचं

पत्र जातं तेहरानला, न्यायव्यवस्थेच्या प्रमुखांना. प्रत दिल्लीच्या इराणी वकिलातीला. आपल्याला मुंबईचं इराणी वाणिज्य दूतावास जवळ आहे, तिथंही एक प्रत द्यावी. पदाला लिहा, व्यक्तीच्या नावाला नको. माणसं बदलतात, पद राहतं, आणि आधीच्या साहेबाच्या नावाने आलेलं पत्र नव्या साहेबाच्या टेबलावर कोणी ठेवत नाही.

लोक विचारतात, "ते वाचणार आहेत का तुमचं पत्र?" साहेब वाचतो की नाही याला मी फार महत्त्व देत नाही. माझा भरवसा खालच्या कारकुनावर आहे. आपल्याकडे कचेरीत कागद आला की आवक रजिस्टरात चढतो: क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय. इराणात याच खोलीला दबीरखाना म्हणतात. तिथल्या सरकारी पत्राच्या डोक्यावर कोपऱ्यात तीन छोट्या ओळी छापलेल्या असतात: शोमारे, तारीख, पेयवस्त. म्हणजे क्रमांक, तारीख, सोबत जोडलेलं. आपलं पत्र आलं की कोणीतरी हातात पेन घेऊन त्या माणसाचं नाव लिहितो. पुढच्या महिन्यात परत तेच नाव आलं की परत लिहितो. आत बंद केलेल्या माणसाचं नाव बाहेर कोणीतरी मोजतंय, हे त्या रजिस्टरातून कळतं. म्हणून आमच्या पत्रात पहिल्या ओळीतच "विषय" असतो, आणि विषयात पूर्ण नाव. पुढचं कोणी वाचलं नाही तरी नाव चढतं.

भाषा इंग्रजी चालते. फारसी असेल तर जास्त बरं. आम्हाला पुण्यातल्या एका इराणी बाईंनी एकदाच बसून मसुदा करून दिला, त्यात दर वेळी नाव आणि तारखा बदलतो. मोबाइलवर भाषांतर करून पाठवू नका. आमच्या एका मैत्रिणीने "मतांमुळे तुरुंगात" हे तसं करून पाहिलं, तर त्या बाई म्हणाल्या, इथं "मतदानामुळे तुरुंगात" असं झालंय. निवडणुकीच्या भानगडीत सापडलेला माणूस करून टाकला असता त्याला! फारसीत अशा कैद्याला "ज़ेंदानी-ए-अकीदती" म्हणतात, श्रद्धेपायी कैद झालेला. त्या मसुद्यात वकील, तारीख, हुकूम हे शब्द दिसले तेव्हा मला एकदम घरचं वाटलं. आपल्या तालुका कचेरीत रोज बोलले जाणारे शब्द तिकडूनच आले आहेत.

तारखा दोन्ही लिहा, आपली आणि त्यांची. त्यांचं वर्ष मार्चमध्ये नौरोजला सुरू होतं आणि त्यांच्या रजिस्टरात त्यांचीच तारीख असते. ३१ जुलै २०२२ म्हणजे ९ मोर्दाद १४०१. हे जुळवून दिलं की कारकुनाला फाईल शोधायला सोपं जातं, आणि पत्र लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेत हेही दिसतं.

पत्रात काय असावं

एक पान. चार परिच्छेद. आदराने सुरुवात, आदराने शेवट. फारसी पत्राची रीत "बा सलाम व एहतेराम" म्हणजे "सलाम आणि आदरपूर्वक" अशी आहे, ती पाळा. आमच्यातल्या एका शिक्षिकेला हे जड गेलं. ती म्हणाली, "ज्यांनी सतरा वर्षांच्या पोरीला फासावर दिलं त्यांना मी आदरपूर्वक कशी लिहू?" मी तिला म्हटलं, तुझ्या रागाची किंमत तुला द्यावी लागणार नाही, आत बसलेल्या बाईला लागेल. ती बराच वेळ गप्प बसली, मग तिने लिहिलं. आजवर आमच्यात सगळ्यात सुंदर अक्षरातली पत्रं तिचीच असतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही पाठवलेल्या पत्राचा मराठी मसुदा असा होता. यात भर घालायची गरज मला अजून पडलेली नाही.

"विषय: श्रीमती महवश शहरियारी (साबेत) आणि श्रीमती फरीबा कमालाबादी यांच्या सुटकेबाबत.

महोदय, सलाम आणि आदरपूर्वक.

मी भारतातील महाराष्ट्र राज्यातील वाई या गावची निवृत्त पोस्ट कर्मचारी आहे. वरील दोन महिलांना ३१ जुलै २०२२ (९ मोर्दाद १४०१) रोजी अटक झाली आणि त्यानंतर दोघींना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, असे मला समजले. या दोघींनी याआधी २००८ पासून जवळजवळ दहा वर्षे तुरुंगवास भोगला आहे.

आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानुसार मतांची झडती घेण्यास मनाई आहे आणि केवळ एखादी श्रद्धा बाळगल्याबद्दल कोणालाही त्रास देता येत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार इराणने १९७५ मध्ये मान्य केला आहे. त्याचे अठरावे कलम हेच सांगते. या महिलांनी हिंसा केल्याचा किंवा तिला उत्तेजन दिल्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही.

त्यांची विनाअट सुटका व्हावी, आणि तोपर्यंत त्यांना स्वतः निवडलेला वकील, कुटुंबीयांच्या भेटी आणि आवश्यक ते वैद्यकीय उपचार मिळावेत, अशी मी नम्र विनंती करते. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे."

खाली नाव, गावाचा पत्ता, सही, तारीख.

आता यातल्या काही जागा दाखवते. पहिल्याच ओळीत मी कोण ते सांगितलं आहे. वाईची निवृत्त पोस्टवाली असं लिहिलं की मागे कुठलंही सरकार किंवा पक्ष नाही हे दिसतं. पाश्चात्त्यांचं कारस्थान म्हणून बाजूला सारणं भारतातून आलेल्या पत्राबाबत त्यांना तितकंसं सोपं जात नाही, असं माझं मत आहे. मग तेविसावं कलम. ते पत्राचा कणा आहे, कारण ते त्यांचं स्वतःचं आहे. मूळ फारसीत सुरुवातीचे शब्द आहेत "तफ्तीश-ए-अकायद ममनू अस्त". तफ्तीश आपल्याला हिंदी पोलिसी मालिकांतून माहीत आहे. श्रद्धेची तफ्तीश मना आहे. हे वाक्य त्यांच्याच घटनेत असताना बाहेरचं काही आणायची गरज नाही. तिसरी गोष्ट, शेवटच्या परिच्छेदात मोठ्या मागणीला चिकटून लहान मागण्या आहेत. सुटका वरच्या हुकमाशिवाय होत नाही. पण डॉक्टर, चष्मा, मुलीची भेट, हे तुरुंगाच्या पातळीवरचा अधिकारीही करू शकतो. मोठं दार उघडत नसलं तरी खिडकीची फट उघडू शकते, म्हणून तीही मागायची.

"असे मला समजले" हे शब्द मुद्दाम आहेत. आपण न्यायालयात बसलेलो नव्हतो. जे कळलं ते कळलं म्हणून लिहावं.

काय लिहायचं नाही

इस्रायल, अमेरिका, निदर्शनं, हिजाब, अणुबॉम्ब, यातला एकही शब्द नको, बाजूने नको आणि विरोधातही नको. म्हणूनच १८६८ ची तारीख पत्राबाहेर ठेवायची. आरोपाचं खंडन करायला गेलं की आरोपच रजिस्टरात चढतो. इस्लामबद्दल वाकडा शब्द तर कधीच नको. तो खोटा ठरेल आणि दुखावेलही. आमच्यातला औषधवाला मुसलमान आहे आणि दर महिन्याला न चुकता येतो. सरकारचा रोष आणि लोकांचा धर्म या दोन गोष्टी त्याच्याइतक्या नेमक्या वेगळ्या करून मला कोणी सांगितल्या नाहीत. २००८ मध्ये पकडलेल्या सातजणांचं वकीलपत्र घेतलं होतं ते शिरीन इबादी यांनी, त्याही मुसलमान, त्यापायी त्यांनी किती सोसलं ते जगजाहीर आहे.

कैद्याच्या मित्रांची, विद्यार्थ्यांची, नातेवाइकांची नावं घालू नका. "यांच्या घरी वर्ग चालायचा" असं कौतुकाने लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दारावरची थाप होऊ शकतं. इराणातल्या ओळखीच्या कोणाला मोबाइलवर पत्राचा फोटो पाठवू नका. पैसे पाठवायचा विचारही नको. आणि लहान मुलांकडून ही पत्रं लिहून घेऊ नका. चित्र काढायचं असेल तर ते खासदाराला पाठवायच्या पत्राला जोडा.

पाकीट आणि पोस्ट

हा माझा प्रांत, तर जरा सविस्तर सांगते.

साधा पांढरा कागद, दोन पानांपेक्षा जास्त नाही. दोन कागद आणि एक लिफाफा वीस ग्रॅमच्या आत बसतात, आणि परदेशी पत्राचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा आहे. कात्रणं, फोटो, फूल, अगरबत्तीची पुडी (होय, आमच्याकडे एकीने घातली होती) काही नको. जाड पाकीट संशयाने उघडलं जातं. स्टेपलर लावू नका, घडी घाला.

पत्ता मोठ्या अक्षरांत, शेवटच्या ओळीत फक्त देशाचं नाव. आपला पत्ता मागे पूर्ण लिहा. बिननावाचं पत्र म्हणजे भित्र्याचं पत्र, आणि परत यायचं झालं तर ते येणार कुठं? परत आलेलं पाकीटही जपून ठेवायचं असतं, त्यावरचा शिक्का काहीतरी सांगतो. वर डाव्या बाजूला हवाई टपालाची निळी चिठ्ठी लावून घ्या, पोस्टात फुकट मिळते. त्यावर फ्रेंचमध्ये "पार आव्हिओं" असतं, जगभरच्या टपालात ते कळतं.

पेटीत टाकू नका, खिडकीवर जा. आधी विचारा की इराणकडची डाक सध्या चालू आहे का. युद्ध, निर्बंध, बंद पडलेली विमानं, यात ती मधूनमधून थांबते, आणि थांबलेली असताना टाकलेली पाकिटं कुठंतरी गोणीत पडून राहतात. नोंद होणारी, माग काढता येणारी सेवा घ्या. महाग पडते. आम्ही भिशीतून वर्गणी काढतो आणि महिन्याला दोनच पत्रं अशी पाठवतो, बाकी साधी. पावती पत्राच्या प्रतीला टाचा. खिडकीवरचा मुलगा "इराणला? कशाला?" असं विचारेलच. त्याला सांगा. आमच्या इथल्या मुलाने पुढच्या वेळी स्वतःहून विचारलं, "त्या बाई सुटल्या का हो?"

वकिलातीची आणि दूतावासाची प्रत देशांतर्गत टपालाने जाते, ती स्वस्त आणि खात्रीची. तिसरी प्रत आपल्या खासदाराला, सोबत दोन ओळींची चिठ्ठी: परराष्ट्र मंत्रालयाकडे हा विषय मांडावा. खासदाराला मराठीत लिहा. एका मतदारसंघातून एकाच महिन्यात दहा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पत्रं गेली तर ती वेगळी दिसतात. एकच छापील मजकूर आणि खाली चाळीस सह्या, हे एकच पत्र धरलं जातं. म्हणून आम्ही मसुदा समोर ठेवतो पण प्रत्येकजण हाताने लिहितो, आणि पहिला परिच्छेद आपापला.

संयुक्त राष्ट्रांकडे मनमानी अटकेसंबंधीचा कार्यगट आहे, तिथं प्रकरण रीतसर मांडता येतं. पण ते घरच्यांचं किंवा त्यांच्या वकिलाचं काम. आपण मध्ये पडायचं नाही.

कैद्यालाच पत्र लिहावं का

सगळ्यांना तेच करावंसं वाटतं. मलाही वाटलं. तेहरानच्या एविन तुरुंगातल्या बायकांच्या विभागाला "बंद-ए-ज़नान" म्हणतात. बंद म्हणजे तुरुंगातला कप्पा. हा शब्द ऐकला तेव्हा मी तिथं थेट एक कार्ड पाठवायचं म्हणून घेऊनही आले होते, मेणवलीच्या घाटाचं चित्र असलेलं. पाठवलं नाही. इराणात कैद्याच्या नावाने परदेशातून आलेलं पत्र त्याच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो, आणि "परदेशी संपर्क" म्हणून ते त्याच्यावरच उलटू शकतं. घरच्यांकडून किंवा जबाबदार संस्थेकडून "पाठवा" असं जाहीर आवाहन असेल तरच पाठवा, आणि मग फक्त शुभेच्छा. नौरोजला बहाईंचंही नवं वर्ष सुरू होतं, एकोणीस दिवसांचे उपास संपवून. तोच योग्य मुहूर्त. कार्ड फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवं.

ज्यांना कैद्याच्या हातातच पत्र पडावं असं वाटतं, त्यांनी रशियातल्या यहोवाच्या साक्षीदारांचा, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा, विचार करावा. तिथं २० एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची संघटना अतिरेकी ठरवून बंद केली, आणि पाच आठवड्यांत ओर्योल शहरात प्रार्थनासभेतून डेनिस क्रिस्टेनसेन या डॅनिश सुताराला उचललं. पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली. पण रशियात पत्र तपासून का होईना, कैद्यापर्यंत जातं. तपासनिसाला वाचता यावं म्हणून ते रशियन भाषेत असावं लागतं. खटल्याबद्दल एक अक्षरही नको. आपल्याकडे पाऊस पडला, आंब्याला मोहोर आला, असं लिहावं.

महवश साबेत यांनी आत कविता लिहिल्या. कागदाच्या कपट्यांवर लिहिलेल्या त्या ओळी बाहेर आल्या, इंग्रजीत पुस्तक झालं, आणि २०१७ मध्ये इंग्लंडच्या पेन या लेखकांच्या संस्थेच्या पुरस्कारात धैर्यशील लेखिका म्हणून त्यांचं नाव आलं. कपटा बाहेर येऊ शकतो. आपण आत घालायला जाऊ नये, एवढंच.

वही

दोनशे पानी वही घ्या. लांब आडवी, हिशेबाची. रकाने पाडा: नाव, पत्राची तारीख, कोणाला, पावती क्रमांक, त्या दिवशीची स्थिती, उत्तर. उत्तराचा रकाना रिकामा राहतो. आमच्याकडे इतक्या वर्षांत तेहरानहून एकही उत्तर नाही. तरी रकाना पाडा. खासदारांच्या कचेरीतून मात्र उत्तरं येतात, ती तिथंच लिहा. एका नावाला तीन महिन्यांनी दुसरं पत्र जायला हवं, आणि ते आठवणीवर सोडलं तर जात नाही. वहीत पान उघडं पडलं की जातं.

एका नावाला एक पान. सुटका झाली तर लाल शाईने तारीख घाला, पण पान फाडू नका आणि दुसऱ्या नावाला देऊ नका. महवश साबेत यांच्या पानावर १८ सप्टेंबर २०१७ ही तारीख लाल आहे. त्यानंतरच्या रविवारी आम्ही कंदी पेढे वाटले. त्यांच्या बरोबरच्या सगळ्यांच्याच शिक्षा वीस वर्षांवरून दहावर आल्या होत्या, एकेक करून माणसं बाहेर येत होती. औषधवाल्याने तेव्हा विचारलं होतं, "काकू, हे पान आता बंद करायचं ना?" मी खाली बारा ओळी मोकळ्या सोडल्या आणि पुढचं नाव नव्या पानावर घेतलं. ३१ जुलै २०२२ ला त्या ओळींतली पहिली लागली.